साडूभाऊंच्या सावलीचा हेवा

साडूभाऊ, तुम्ही गेल्यावर तरी माझी बायको घरी राहील, असं मला वाटलं होतं.

लोक भलताच अर्थ काढतील म्हणून आधीच सांगून टाकतो. कमलला ओढ तुमची नव्हती, तुमच्या अंगणाची होती. तुम्ही तिच्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान, तिचे दाजी. भाटघरला तुमचं तीन खोल्यांचं कौलारू घर, आणि इकडे कापूरहोळला हायवेला लागून माझा दोन मजली बंगला, खाली रंगाचं आणि हार्डवेअरचं दुकान. दोन सख्ख्या बहिणींच्या संसारात माझी बाजू वरचढ असायला हवी होती. पण पाहुणेरावळे, पोरंबाळं, माझी स्वतःची आईसुद्धा, ज्याला म्हणून निवांत बसायचं असे तो भोरची एसटी पकडून तुमच्याकडे निघायचा. माझ्याकडे लोक येत ते कामापुरते. चहा घेत, दुकानातून खिळे-बिजागऱ्या नेत, आणि विचारत, "आज भाटघरला जाणार हाय का कुणी?"

मी जळायचो. त्यात लपवण्यासारखं काही नाही, तुम्हाला ते ठाऊक होतंच. तुम्ही गेलात त्या दिवशीही तुमच्या अंगणात माणसं दाटीवाटीनं उभी होती, फाल्गुनाचं ऊन बाहेर रस्त्यावर तापत होतं आणि आत कुणालाही घाम आला नव्हता. तुम्ही पडवीत निजलेले. मला रडू आलं होतं, खरंच आलं होतं. पण डोळे पुसताना मनात पहिलं काय आलं असेल, तर हेच, की माझ्या वेळेला लोकांना मांडव घालावा लागणार.

तुमचं ते अंगण मी सुरुवातीपासून पाहिलंय. पाटबंधाऱ्याच्या नोकरीत असताना तुम्ही जागा घेतलीत तेव्हा तिथं नुसता मुरूम होता. घर बांधून झालं आणि सगळे म्हणाले, आता झाडं लावा. तुम्ही काय केलंत? एक लोखंडी घडीची खुर्ची आणलीत आणि वर्षभर ती घेऊन स्वतःच्याच जागेत हिंडलात. सकाळी इथं बसा, दुपारी तिथं बसा. जिथून उठावंसं वाटेल तिथं थांबायचं, आणि कुठल्या अंगानं त्रास होतोय ते बघायचं. पावसाळ्यात इरलं पांघरून बसलात. आक्का कमलपाशी रडली होती, "ह्यांच्या डोक्यावर परिणाम झालाय गं. गाव हसतंय आमाला." मीही हसलो होतो, मोठ्यानं.

दुसऱ्या वर्षी तुम्ही लावायला सुरुवात केलीत. धरणाच्या पाण्यावरून येणारा पावसाळी वारा पडवीत तिरका घुसायचा, त्या अंगाला करंजाची रांग आणि मागे फणस. कुंपणाला निरगुडी. दक्षिणेला पांगारा, कारण थंडीत त्याची पानं झडतात आणि पडवीत ऊन येतं, आणि उन्हाळा तापेपर्यंत तो पुन्हा पानांनी भरतो. मोरीचं पाणी केळींना. स्वयंपाकघराच्या दाराशी शेवगा आणि कढीपत्ता, म्हणजे आक्काला फोडणी चुलीवर ठेवून हात लांब करता यावा. हे सगळं मला पाठ आहे, कारण दरवेळी तुम्ही ते नव्यानं सांगायचात. तुमच्याइतका स्वतःच्या झाडांची फुशारकी मारणारा माणूस भोर तालुक्यात नव्हता. पाहुणा कुठं बसणार हेसुद्धा तुम्हीच ठरवायचात. "तितं नगा बसू, दोनाला ऊन येतं. हितं सरका. आता बगा."

आणि सरकल्यावर खरंच बरं वाटायचं. हेच मला सहन व्हायचं नाही.

माझ्याकडे झाडं नव्हती असं नाही. मी बंगल्याच्या कंपाउंडला अशोकाची रांग लावली होती, पुण्यातल्या सोसायट्यांना असते तशी, सरळसोट, एका उंचीची. मला ती फार ऐटदार वाटायची. तुम्ही पहिल्यांदा बघितलीत तेव्हा कमरेवर हात ठेवून वरपासून खालपर्यंत नजर फिरवलीत आणि विचारलंत, "पाव्हणं, ही झाडं हायत का वॉचमन?" कमल पदर तोंडाला लावून हसली. त्यानंतर आमच्या घरी त्या झाडांना वॉचमनच म्हणायला लागले. माझी नातसुद्धा म्हणते.

पण खरा घाव बसला तो आमच्या वैशालीच्या लग्नाच्या वेळी. मुलाकडचे बघायला येणार होते. मी दुकान बंद ठेवलं, बंगल्याला नवा रंग दिला, अंगणात पेव्हर ब्लॉक बसवून घेतले. आणि आदल्या दिवशी कमल म्हणते कशी, "कार्यक्रम भाटघरला करू. हितं मे महिन्यात पाव्हणं कुठं बसवायचं? गाड्यांच्या आवाजात पोरीचं बोलणं तरी ऐकू येईल का?" मी दोन तास कुणाशी बोललो नाही. शेवटी माझ्या मुलीला बघायला माणसं आली ती तुमच्या करंजाखाली. मुलाचे वडील चहा घेता घेता चारी बाजूंना बघत होते. मला म्हणाले, "काय अंगण केलंय हो! माणसाला दृष्टी पाहिजे." मी तोंड उघडणार एवढ्यात तुम्ही मागून माझ्याकडे हात करून बोललात, "पाव्हण्यांनीच लावल्यात सगळी. आमी नुस्तं पानी घालतो."

तुम्हाला वाटलं असेल, मला बरं वाटेल. साडूभाऊ, त्या दिवशी मला तुमचा जितका राग आला तितका कधी आला नव्हता. अंगण तुमचं, सावली तुमची, आणि वर मोठेपणाही तुमचाच. माझ्या वाट्याला काय, तर उसनं कौतुक. परतताना गाडीत मी कमलला म्हणालो, "तुझे दाजी उगाच पुढं पुढं करतात." तिनं खिडकीबाहेर बघत नुसतं "हं" केलं. व्याही अजूनही फोनवर विचारतात, झाडं काय म्हणतात तुमची? मी म्हणतो, बरी आहेत. त्या लग्नात तुम्ही माझी बाजू किती सांभाळलीत, हे मला तुम्हाला सांगायचं होतं. रागही सांगायचा होता आणि हेही. दोन्ही एका दमात कसं सांगायचं ते जमलं नाही, म्हणून दोन्ही राहिलं.

भोंगवलीचं माहेर भावांच्या वाटण्यांत विरल्यापासून कमलनं तुमचं अंगण हेच माहेर धरलं होतं. दर उन्हाळ्यात पिशवी भरायची आणि जायची. मागच्या मे महिन्यात परत आली, जिना चढून वर गेली, पंखा लावला, आणि खिडकीची काच बंद करता करता म्हणाली, "ह्या घरात मला म्हातारपण काढायचं न्हाई." भांडली असती तर मीही भांडलो असतो. ती शांतपणे बोलली आणि भाजी निवडायला बसली.

त्या एका वाक्यानं मला भीती घातली. माझी बायको माझ्या घरात राहते की दिवस ढकलते, हे मी कधी विचारलं नव्हतं. दसऱ्याला सोनं द्यायला तुमच्याकडे आलो तेव्हा गाडीला किक मारता मारता म्हणालो, "जमलं तर एकदा येऊन जा. आमच्या अंगणाचं काय करता येईल ते बघा." हे म्हणताना मी तुमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तुम्हीही फार ताणलं नाहीत. एवढंच म्हणालात, "येतो की."

थंडीत आलात ते स्कूटरला ती खुर्ची बांधून. माझ्या दुकानात प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची थप्पी लागलेली असते आणि तुम्ही भाटघरहून खुर्ची घेऊन आलात! पेव्हर ब्लॉकवर ती मांडलीत आणि बसलात. समोरचं गॅरेज, त्याचा पत्रा, हायवेवरचे ट्रक, सगळं बघत राहिलात. गिऱ्हाईकं विचारायला लागली, हे कोण? मी सांगितलं, साडू. दिवसभर बसून तुम्ही उठलात ते हे म्हणत, "हिवाळा कळला. आता उन्हाळ्यात येतो. कुठं लावायचं ते उन्हाळाच सांगंल."

"त्यात काय बघायचंय एवढं," मी म्हणालो. "फाटकापाशी केशर आंब्याचं कलम लावू. तीन-चार वर्षांत फळ."

"आंबा मागनं. आदी करंज. आदी वारा अडवा, ऊन अडवा."

"करंजाचं काय खायचं? सावली काय खाता येते?"

"सावलीत बसून खाता येतं की. आन् ही फरशी उखडा आदी, भाकरी भाजंल तिच्यावर."

मी चिडलो. फरशी हौसेनं बसवलेली, एकसारखी, लाल-करडी नक्षी. म्हणालो, "माझ्या घरात काय उखडायचं ते मी बघीन." तुम्ही हसलात, खुर्ची स्कूटरला बांधलीत आणि गेलात. आपलं शेवटचं भांडण ते. त्यानंतर संक्रांतीला फोनवर तिळगूळ झाला, बस. उन्हाळा पुरता यायच्या आधीच तुम्ही गेलात. छातीत दुखतंय म्हणालात, आक्का पाणी आणायला आत गेली, एवढाच वेळ घेतलात.

कमल आक्काजवळ राहिली, ते रास्तच होतं. तेरावा झाला, तरी राहिली. मी फोन करायचो, ती म्हणायची, "आक्का एकटी हाय." तुमचा प्रशांत पुण्याहून रजा काढून आलेला होता, सूनबाई होती, तरी आक्का एकटीच. एकदा मी जरा जोर लावला तेव्हा ती म्हणाली, "हितं पडवीत बसलं की दाजी हायत असं वाटतं. तितं येऊन काय करू? दारं लावून बसू?" मी फोन ठेवला. मेलेल्या माणसाशी स्पर्धा करायची तरी कशी, सांगा. जिवंत होतात तोवर तुमच्यात खोट काढता येत होती. आता तुम्ही गेलात आणि एका रात्रीत तुम्ही निर्दोष झालात.

त्या दुपारी मी दुकानातून एक खुर्ची घेतली आणि अंगणात जाऊन बसलो. शटर अर्धं ओढलेलं. हट्टानं बसलो, तुमच्यावरच्या रागानं बसलो. पहिल्यांदा पायांना फरशीची धग लागली. मग समोरच्या पत्र्यावरून ऊन डोळ्यांत आलं. मग पश्चिमेकडून, हायवे ओलांडून, गरम वारा सुटला आणि त्याबरोबर धूळ. वॉचमन आपापल्या जागी उभे होते, त्यांच्या सावल्या कंपाउंडच्या पलीकडे गटारावर पडल्या होत्या. चारच्या सुमारास मी उठलो. उठलो तिथं खडूनं फरशीवर एक फुली मारली आणि आत जाऊन तोंड धुतलं.

दोन दिवसांनी प्रशांतचा फोन आला. तुमच्या राखेचं अजून व्हायचं होतं. राख पाण्यात सोडायची नाही, खड्ड्यात घालून त्यात झाड लावायचं आणि घरच्यांनी त्याला वाढवायचं, ही रीत आता आपल्याकडे गावोगाव झाली आहे. सावडायच्या दिवशी अस्थी नदीत गेल्या, पण राखेचं मडकं तसंच कुंपणाबाहेर बाभळीला टांगून ठेवलं होतं, कारण झाड कुठं लावायचं ते ठरत नव्हतं.

मी गेलो तेव्हा प्रशांतनं नर्सरीतून आणलेली दोन रोपं पडवीत ठेवली होती. एक केशराचं कलम, एक करंज. तुमचे चुलते तात्या बाकावर बसले होते. पोरगा कुदळ घेऊन अंगणभर फिरला होता आणि त्याला कुठंच जागा सापडली नव्हती. जिकडे बघावं तिकडे मुळं आणि सावली. साडूभाऊ, तुम्ही तुमचं अंगण इतकं चोख लावलंत, की नव्या रोपाला पुरेल एवढं उघडं ऊन त्यात कुठं ठेवलंच नाही. येईल त्याला बसवायची जागा केलीत आणि स्वतःची विसरलात.

"शेतात लावू," तात्या म्हणाले.

"शेतात शेरडं खात्यात," आक्का म्हणाली. "आन् माज्या गुडघ्यानं मला रोज तितवर जाणं व्हायचं न्हाई. मला त्यांना पानी घालायचंय, तात्या. लोकांनी घातल्यालं नगं."

"मग एक झाड काढू यातलं," प्रशांत म्हणाला.

आक्कानं त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं कुदळ खाली ठेवली. कमल खांबाला टेकून बसली होती. मी तिच्याकडे बघितलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "माझ्याकडं न्या. कापूरहोळला. तिथं ऊनच ऊन आहे."

तात्या म्हणाले, "साडूच्या दारात? राख? आसं कुटं आसतंय व्हय?"

"का नसावं? आक्का पाहिजे तेवढे दिवस राहील. टेम्पो आहे, सकाळी आणतो, संध्याकाळी सोडतो."

तुम्हाला वाटेल, पाहुण्याचं मन किती मोठं. तसं काही नव्हतं. तुमच्या प्रेमानं मी बोललो नाही. तुम्ही जिथं असाल तिथं माझी बायको बसणार, हे मला एव्हाना कळलं होतं. ती घरी यायला हवी असेल तर आधी तुम्हाला घरी न्यावं लागणार, एवढा सरळ हिशोब होता. कमलनं तो लगेच ओळखला. तिच्या डोळ्यांत मला तो ओळखलेला दिसला. ती उठून पिशवी भरायला आत गेली.

प्रशांतनं कलम उचललं. "काका, तुम्हाला आंबाच हवा होता ना? पप्पा सांगत होते."

"आंबा नको," मी म्हणालो. "करंज घे."

"पण तुम्ही तर..."

"पश्चिमेला लावायचंय. हायवेच्या अंगाला. तुझे वडील माझ्या दारात येणार असतील तर रिकामे बसणार नाहीत. वारा अडवतील. ऊन अडवतील. आयुष्यभर मला शिकवलंय, आता स्वतः करून दाखवू देत."

आक्का हसली. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा हसली, आणि मग तोंड दोन्ही हातांत धरून इतकी रडली की कमल आतून धावत आली. "व्हय पाव्हणं," आक्का म्हणत होती, "कामाला लावा त्यास्नी. लई बसून राहिल्यात खुर्चीत."

खड्डा मी खणला. कुणाला हात लावू दिला नाही. फुलीवरच्या फरशा पहारीनं उखडल्या, एकसारख्या लाल-करड्या. खाली मुरूम होता, पुढं काळी माती लागली. आक्कानं मडकं आणून राख घातली. तात्या येणार नाही म्हणाले होते, पण टेम्पोत पुढच्या सीटवर सगळ्यांआधी तेच बसले होते. त्यांनी रोप धरलं आणि कमलनं माती लोटली. मी पाण्याचा पाइप घेऊन उभा होतो. तुम्हाला नमस्कार करायचा होता, पण हात ओले होते, आणि ट्रकचा हॉर्न वाजत होता, आणि ते राहूनच गेलं.

आता कमल घरी आहे. सकाळी उठली की खिडकी उघडते आणि आधी तुम्हाला बघते. आक्का चार दिवस इथं, चार दिवस तिथं असते. दोघी बहिणी तिन्हीसांजेला बाहेर खुर्च्या टाकून तुमच्यापाशी बसतात, ट्रकच्या आवाजात मोठमोठ्यानं बोलतात. दुपारी तुम्हाला चटका लागू नये म्हणून चार काठ्यांवर गोणपाट बांधलंय. गिऱ्हाईकं आत डोकावून विचारतात, हे काय? मी सांगतो, साडू. परवा भोरच्या एका सोयऱ्यानं चहा झाल्यावर विचारलं, "जरा बाहेर बसू का वयनींच्यात?" माझ्या घरी आल्यावर बाहेर बसू का, असं कुणी पहिल्यांदाच विचारलं.

आणि तरीही मी जळतोच आहे. कमल तुमच्याशी बोलते. "दाजी, आज लई ऊन हाय, सोसा जरा," असं म्हणत झारीनं पाणी घालते. माझ्याशी इतक्या मऊ आवाजात ती कधी बोललीय, मला आठवत नाही. काल मी तिला म्हणालो, "तू माझ्यासाठी परत आलीस का त्यांच्यासाठी?" ती झारी भरत होती. म्हणाली, "त्यांच्यासाठी आले. ऱ्हायले तुमच्यासाठी. त्यांना हितं आनायचं कुणाला सुचलं असतं?"

एवढं बोलून ती आत गेली. मी तुमच्याजवळ उभा राहिलो. तुमची उंची आत्ता माझ्या गुडघ्याला लागते. दोन नवी पानं फुटलीत, तांबूस, चकचकीत. तुमच्यात आता कुठलीही खोट काढायला जागा नाही, फुशारकी नाही, टोमणा नाही, वाऱ्यानं हलता तेवढंच. तिनं मला जे सांगितलं ते सगळ्यात आधी तुम्हाला ऐकवावं असं वाटलं, आणि ऐकवलंही, मोठ्यानं, समोरच्या गॅरेजवाल्यानं बघितलं तरी. एकदा तरी मला तुमच्यापेक्षा वरचढ ठरायचं होतं, आणि ठरलो तेव्हा तुम्ही असे.

लवकर वाढा, साडूभाऊ. गुडघ्याएवढ्या माणसावर जळण्यात काही राम नाही.